सुडोकू बनवलं की दरवेळी दोन उत्तरं निघतायत? आधी हे बघा

प्रॉब्लेम असा आहे. आपण एक पूर्ण भरलेलं, अगदी बरोबर ग्रिड (नऊ बाय नऊ घरांचं, ज्याच्या प्रत्येक ओळीत, कॉलममध्ये आणि ३ बाय ३ च्या बॉक्समध्ये १ ते ९ एकेकदाच येतात) घेतो, त्यातले आकडे खोडतो, उरलेलं कोडं लोकांना देतो, आणि दुसऱ्या दिवशी दोन माणसं दोन वेगळी उत्तरं घेऊन दारात उभी, वर दोघांचंही बरोबर. माझं हे एकदा नाही तर तीनदा झालं, ते पण एकाच गणपतीत, म्हणून म्हटलं सविस्तर लिहूनच टाकावं. पहिल्यांदा सुडोकू बनवणारा जवळजवळ प्रत्येक जण याच खड्ड्यात पडतो, आणि बाहेर यायला जे करतो त्याने पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो.

आमच्या सोसायटीत पाच दिवसांचा गणपती असतो. कमिटीने विचारलं की मुलांच्या चित्रकलेशिवाय मोठ्यांसाठी काही आहे का, मी हौसेने म्हणालो रोज एक सुडोकू नोटीस बोर्डावर लावतो, संध्याकाळच्या आरतीपर्यंत जो पहिला बरोबर सोडवेल त्याला स्टीलचा डबा. पेपरातलं सुडोकू मी गेली कित्येक वर्षं सोडवतोय, बनवायला काय लागतं असं वाटलं. लागतं बरंच काही.

पहिल्या दिवशी आरतीच्या आधी चौथ्या मजल्यावरच्या काकू आल्या, मागोमाग बँकेतून रिटायर झालेले आमच्या विंगमधले काका. दोघांचे कागद शेजारी ठेवले तर चार घरं सोडून सगळं सारखं.

"वहिनी, तुमचा इथे १ कसा आला? इथे २ पाहिजे."

"का पाहिजे? माझ्या ओळीत दोनदा काही आलंय का दाखवा. कॉलममध्ये आलंय का? बॉक्समध्ये?"

काकांनी चष्मा लावून दोनदा तपासलं आणि काही बोलले नाहीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू बनवलंयस ना? तूच सांग आता." तेवढ्यात बी विंगमधली आठवीतली मुलगी तिसरंच उत्तर घेऊन आली, आणि तिचंही बरोबर होतं. रात्री बसून बघितलं तर चौथं पण निघत होतं. डबे चार आणायची वेळ आली.

आता माझं ग्रिड बघा, कारण सगळी गोम इथेच आहे. मी पहिली ओळ सरळ १ ते ९ लिहिली आणि पुढच्या ओळी तीन-तीन घरं सरकवत, मग जोड्या उलटवत भरल्या:

१२३ ४५६ ७८९
४५६ ७८९ १२३
७८९ १२३ ४५६
२१४ ३६५ ८९७
३६५ ८९७ २१४
८९७ २१४ ३६५
५३१ ६४२ ९७८
६४२ ९७८ ५३१
९७८ ५३१ ६४२

ग्रिड शंभर टक्के बरोबर आहे, तपासून बघा हवं तर. (तपासताना बेरीज ४५ येते का एवढंच बघू नका हं, १ २ ३ ५ ५ ५ ७ ८ ९ ची बेरीज पण ४५ च येते, मी एक अख्खा तास यात घालवलाय. एक ते नऊ प्रत्येक आकडा बोट ठेवून मोजायचा.)

पहिल्या ओळीतली पहिली दोन घरं बघा: १ २. आता चौथ्या ओळीतली पहिली दोन घरं: २ १. ही चारही घरं तुम्ही खोडली तर काय होतं? पहिल्या ओळीत २ १ आणि चौथ्या ओळीत १ २ लिहिलं तरी ओळींना फरक पडत नाही, कारण आकडे तेच. कॉलमना फरक पडत नाही, कारण प्रत्येक कॉलममध्ये एक १ आणि एक २ आहेच, फक्त वरचा खाली गेला. आणि बॉक्स? वरची दोन घरं एकाच बॉक्समध्ये, खालची दोन एकाच बॉक्समध्ये, त्यामुळे बॉक्सलाही कळत नाही. म्हणजे बाकीची ७७ घरं छापलेली असली, फक्त ही चारच रिकामी ठेवली, तरी कोड्याला दोन उत्तरं आहेत. ७७ क्लू, म्हणजे छापलेले आकडे, देऊन! आणि मी मात्र समजत होतो की क्लू कमी दिले म्हणून गडबड झाली, म्हणून दुसऱ्या दिवशी कुठेतरी चार क्लू जास्त टाकले, भलतीकडेच.

याच ग्रिडमध्ये पहिल्या ओळीत पाचव्या-सहाव्या घरात ५ ६ आहेत आणि चौथ्या ओळीत त्यांच्याच खाली ६ ५. म्हणजे दुसरा सापळा. मी हे दोन्ही चौकोन पूर्ण खोडले होते, एकाची दोन उत्तरं गुणिले दुसऱ्याची दोन, झाली चार. काकू, काका, ती मुलगी आणि मी, बरोब्बर चार.

पण प्रत्येक चौकोन असा नसतो, हे लक्षात घ्या, नाहीतर उगाच घाबरून सगळीकडे क्लू ठेवत बसाल. त्याच पहिल्या ओळीत तिसरं-चौथं घर ३ ४ आहे आणि चौथ्या ओळीत ४ ३. दिसायला अगदी तसंच. पण ही चार घरं चार वेगळ्या बॉक्समध्ये पडतात, वर ३ आणि ४ ची अदलाबदल केली तर पहिल्या बॉक्समध्ये दोन ४ होतात, म्हणजे इथे दुसरं उत्तर निघूच शकत नाही. तर ओळखायची खूण अशी की दोन ओळी, दोन कॉलम आणि दोनच बॉक्स, आणि चार कोपऱ्यांत दोनच आकडे तिरके बसलेले. असं दिसलं की त्या चारातलं किमान एक घर क्लू म्हणून ठेवायचंच. तीन आकड्यांचं पण असतं: पहिल्या ओळीच्या शेवटी ७८९ आणि चौथ्या ओळीच्या शेवटी ८९७, ही सहा घरं एकदम रिकामी ठेवली की वरचं खाली, खालचं वर करता येतं. सरकवून बनवलेल्या ग्रिडमध्ये असल्या गोष्टी पोत्याने असतात, वरच्या सहा ओळींतच मला दोन-दोन आकड्यांचे ६ चौकोन सापडले. फुकटात सोपं ग्रिड मिळतं ना, त्याची ही किंमत.

दुसऱ्या दिवशी मी हुशारी केली. म्हटलं हे १२३४५६७८९ वालं ग्रिडच खराब आहे, मिसळून टाकू. पहिल्या तीन ओळी आपापसात बदलल्या, कॉलम बदलले, सगळे १ चे ७ केले, ७ चे ४ केले, असं सगळं गरगरा फिरवलं, की मलाच ओळखू येईना. आणि संध्याकाळी परत दोन उत्तरं.

कारण नंतर कळलं आणि कपाळावर हात मारून घेतला. तीन ओळींच्या एका पट्ट्यात ओळींची अदलाबदल करा, अख्खे पट्टे बदला, कॉलमचं तसंच करा, आकड्यांची नावं बदला, कागद आडवा फिरवा, ग्रिड बरोबरच राहतं पण सापळेही सगळे तसेच राहतात, फक्त जागा बदलतात. जुनीच साडी, फक्त पदर दुसऱ्या खांद्यावर. एकूण बरोबर ग्रिड किती होतात याचा हिशोब २००५ साली बर्ट्रम फेल्गेनहाउअर आणि फ्रेझर जार्व्हिस या दोघांनी केलाय, ६६७ च्या पुढे आणखी १९ आकडे येतील एवढी मोठी संख्या आहे ती. पण ही अशी मिसळामिसळ करून एकमेकांत बदलता येणारी ग्रिड एकच धरली, तर खरी वेगळी ग्रिड उरतात ५४७ कोटींच्या थोडी वर. म्हणजे मी रात्रभर जागून जे केलं ते त्या ५४७ कोटींतल्या एकाच ग्रिडला वेगवेगळे कपडे घालणं होतं.

मग चांगलं ग्रिड आणायचं कुठून? मी आता असं करतो, डावीकडून वरून उजवीकडे खाली असे तिरके जे तीन बॉक्स आहेत ते एक ते नऊच्या चिठ्ठ्या काढून भरतो. त्या तीन बॉक्सना एकमेकांची ओळ लागत नाही की कॉलम लागत नाही, त्यामुळे काहीही भरा, आपापसात भांडण नाही. उरलेले सहा सॉल्व्हरकडून, म्हणजे सुडोकू सोडवणाऱ्या प्रोग्रामकडून, भरून घेतो. सापळे यातही असतात, कुठल्याही ग्रिडमध्ये असतातच, पण असे रांगेत मांडून ठेवलेले नसतात.

तिसऱ्या दिवशी म्हटलं आता हाताने नाहीच, मोबाइलवर एक फुकटचं सॉल्व्हर ॲप घेतलं, माझं कोडं त्यात टाकलं, ॲपने अर्ध्या सेकंदात उत्तर दिलं, मी दिलेल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं, मी खूश होऊन बोर्डावर लावलं. संध्याकाळी काका हजर. या वेळी सहा घरं वेगळी.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, तो आरतीला आला होता. त्याला फोन दाखवला तर तो हसायलाच लागला.

"मामा, हे ॲप पहिलं उत्तर मिळालं की थांबतं. दुसरं आहे का ते त्याने बघितलंच नाही."

"पण उत्तर बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे हो, पण तुला उत्तर आहे का हे बघायचं नाहीये. तुला दुसरं उत्तर *नाही* हे बघायचंय."

हे वाक्य मी आता बनवायच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आपण टेस्टिंग म्हणजे काय समजतो, तर कोडं सुटतंय का. सुटणारच की, तुम्ही भरलेल्या ग्रिडमधूनच ते काढलंय, एक उत्तर तर जन्मतःच आहे त्याला. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्या उत्तराचा शोध, आणि तो शोध नीट करून हाताला काही लागलं नाही तरच पास.

भाच्याने तिथेच लॅपटॉपवर पायथॉनमध्ये तीसेक ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिलं रिकामं घर घ्यायचं, १ टाकून बघायचं, नियमात बसलं तर पुढच्या घरात जायचं, कुठे अडलं तर मागे येऊन २ टाकायचा, असं शेवटपर्यंत. आणि उत्तर मिळालं की थांबायचं नाही, मोजायचं आणि पुढे जायचं, दोन झाली की मग थांबायचं, कारण दोन असोत की दोनशे, कोडं बादच. ज्यांना प्रोग्राम लिहिता येत नाही पण जुनं थांबणारं सॉल्व्हर हातात आहे आणि त्यात आकडे कुठल्या क्रमाने टाकून बघायचे ते बदलता येतं, त्यांच्यासाठी त्याने एक भारी युक्ती सांगितली: एकदा १ पासून ९ कडे चालवायचं, एकदा ९ पासून १ कडे, घरांचा क्रम तोच ठेवून. सगळी घरं क्रमाने वाचून एक मोठी संख्या धरली, तर पहिल्या वेळी सगळ्यात लहान उत्तर मिळतं, दुसऱ्या वेळी सगळ्यात मोठं, दोन्ही सारखीच आली तर मध्ये दुसरं काही असायला जागाच नाही. माझ्या पहिल्या दिवसाच्या कोड्यात पहिल्या वेळी १ २ ने सुरू होणारं आलं, दुसऱ्या वेळी २ १ ने. संपला विषय.

आता ज्यांना कॉम्प्युटर नकोच आहे त्यांच्यासाठी, कारण खरी मजा हातानेच आहे. हे कोडं मुळात अमेरिकेत १९७९ मध्ये हॉवर्ड गार्न्स या रिटायर्ड आर्किटेक्टने नंबर प्लेस नावाने काढलं, १९८४ मध्ये जपानमध्ये निकोली या कोडी छापणाऱ्या कंपनीने ते छापलं, सुडोकू हे नाव त्यांचंच, आणि निकोलीची कोडी हाताने बनवलेली म्हणूनच नावाजलेली आहेत. उलट बाजूला वेन गोल्ड, हाँगकाँगमधला रिटायर्ड जज, त्याने कोडी बनवणारा प्रोग्राम लिहिण्यात सहा वर्षं घालवली आणि २००४ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या टाइम्समध्ये कोडं आणलं. म्हणजे दोन्ही रस्ते चालतात, फक्त आपल्यासारखं अर्धं हाताने आणि अर्धं देवावर सोडून चालत नाही.

हाताने टेस्ट करायचं तर पहिली अडचण तुम्ही स्वतः. उत्तर तुम्हाला पाठ असतं. घर बघितलं की इथे ७ आहे हे हात आधीच लिहितो, आणि ७ का ते नंतर शोधलं जातं. म्हणून मी कोडं नव्या कागदावर उतरवताना आकडे बदलतो, १ च्या जागी ५, ५ च्या जागी ८ असं काहीतरी, आणि कागद उलटा फिरवून, दोन-तीन दिवस मध्ये जाऊ देऊन सोडवतो. मिसळामिसळीने सापळे जात नाहीत हे वर रडगाणं गायलं ना, तोच गुण इथे कामाला येतो, कोडं तेच राहतं पण तुम्हाला ओळखू येत नाही.

मग एकच नियम, पेनाने लिहिलेल्या प्रत्येक आकड्याचं कारण सांगता आलं पाहिजे. या घरात दुसरं काही बसतच नाही, किंवा या बॉक्समध्ये ४ ला हीच एक जागा उरली. असं कारण देत देत ८१ घरं भरली, एकदाही अंदाज न मारता, तर उत्तर एकच आहे, वेगळं प्रूफ लागत नाही. प्रत्येक पावलाला दुसरा रस्ताच नव्हता ना, मग दुसरं उत्तर कुठून येईल.

यात एक बारीक खोच आहे आणि जास्त सोडवणारे लोकच तिथे फसतात. पट्टीचे लोक सोडवताना म्हणतात, इथे १-२ चा चौकोन होतोय, तो झाला तर दोन उत्तरं होतील, म्हणून या घरात १ किंवा २ येणार नाही, तिसराच येणार. पेपरातलं कोडं सोडवताना ही युक्ती मस्त चालते, कारण कोडं बनवणाऱ्याने एकच उत्तर असल्याची खात्री केलेली असते. पण इथे बनवणारे तुम्ही आहात! खात्री करायला बसलात आणि खात्री आधीच धरून चाललात, म्हणजे स्वतःच्या जामिनाला स्वतःच उभं राहण्यासारखं झालं. टेस्ट करताना ही युक्ती वापरायची नाही, कितीही मोह झाला तरी.

अडलात तर? अडलात म्हणजे दोन उत्तरं आहेतच असं नाही, कोडं नुसतं अवघड असेल. जिथे दोनच आकडे शक्य आहेत असं घर शोधा, कागदाच्या दोन झेरॉक्स काढा, एकीवर एक आकडा टाका, दुसरीवर दुसरा, दोन्ही शेवटपर्यंत न्या. एकीवर भांडण झालं, म्हणजे एका ओळीत दोन ६ आले किंवा एखाद्या घरात काहीच बसेना, तर ती फाडून टाका, दुसरी खरी. दोन्ही पूर्ण भरल्या तर सापडलं तुमचं दुसरं उत्तर. आणि एक पूर्ण भरली, दुसरी मध्येच अडली, की आपण दुसरी सोडून देतो, जेवायची वेळ झालेली असते, तसं करू नका. अडलेल्या कागदातच घोटाळा असतो, त्याच्या परत दोन झेरॉक्स. कंटाळा येतो, मान्य. पण एवढं करून कोडं पास झालं तरी नोटीस बोर्डासाठी ते जडच, झेरॉक्स काढायला लावणारं कोडं लोक अर्ध्यात सोडतात आणि वर तुम्हालाच नावं ठेवतात.

सोडवायला बसण्याआधी दोन गोष्टी अशाच डोळ्याने बघून घ्या, मिनिटभर लागतो. क्लूंमध्ये किमान आठ वेगवेगळे आकडे पाहिजेत. ८ आणि ९ दोन्ही कुठेच छापलेले नसतील तर उत्तरातले सगळे ८ आणि ९ आपापसात बदलले की झालं दुसरं उत्तर. आणि एकाच पट्ट्यातल्या दोन ओळी पूर्ण रिकाम्या नकोत, म्हणजे पहिली आणि तिसरी, किंवा चौथी आणि पाचवी, कॉलमचंही तसंच, कारण त्या दोन अख्ख्याच्या अख्ख्या बदलता येतात. एखादा बॉक्स पूर्ण रिकामा असला तर चालतो, लोक उगाच त्याला घाबरतात.

आता खोडण्याबद्दल, कारण खरं तर हे नीट केलं तर टेस्टिंगचं निम्मं काम होऊन जातं. मी आधी एका दमात पन्नास आकडे खोडायचो आणि मग बघायचो. तसं नाही. एकेक खोडायचा, आणि प्रत्येक वेळी विचारायचं की हा आकडा झाकला तर उरलेल्या छापील आकड्यांवरूनच तो परत काढता येतो का? उरलेल्या क्लूंवरून हं, तुमच्या पूर्ण भरलेल्या ग्रिडवरून नाही, ते ग्रिड पालथं घालून ठेवा. परत निघतो तर खोडा. नाही निघत, आणि त्या घरात दुसरा आकडा टाकूनही कोडं पूर्ण भरतं, तर त्या क्लूला गोल करा आणि पुन्हा त्याच्या वाटेला जाऊ नका. कारण आत्ता जो काढता येत नाही तो पुढे आणखी क्लू गेल्यावर तर मुळीच काढता येणार नाही, क्लू कमी झाले की उत्तरं वाढतातच, घटत नाहीत. म्हणजे प्रत्येक घर एकदाच तपासायचं, फार तर ८१ वेळा, संपलं. मला हे माहीत नव्हतं तेव्हा मी त्याच त्या क्लूंना दहा-दहा वेळा डिवचत बसायचो.

कुठे थांबायचं? १७ वर अडकू नका. १७ पेक्षा कमी क्लूंचं एका उत्तराचं सुडोकू होत नाही हे डब्लिनमधले गणितज्ञ गॅरी मॅकग्वायर आणि मंडळींनी २०१२ च्या सुरुवातीला कॉम्प्युटरवर सगळी ग्रिड तपासून दाखवलं. ते वाचलं की नवीन माणसाला वाटतं १७ ठेवले की झालं. १७ ची कोडी आहेत, पण हाताने खोडत खोडत तुम्ही तिथे पोचणार नाही, मी २४ च्या खाली कधी गेलो नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. निकोलीने १९८६ मध्ये ठरवलं की क्लू जास्तीत जास्त ३२ आणि त्यांची मांडणी सिमेट्रीत, म्हणजे कागद उलटा फिरवला तरी छापलेल्या घरांची नक्षी तीच. पहिल्या कोड्यासाठी ३० ते ३२ अगदी झकास.

सिमेट्री ठेवायची तर मात्र खोडताना जोडीने खोडा, पहिल्या ओळीतलं पहिलं घर खोडलं की नवव्या ओळीतलं नववं. आणि दोघांतला एक जरी अडला तरी जोडी ठेवायची. क्लू थोडे जास्त राहतात, राहू देत.

आणि कोडं बनवून झालंय, दोन उत्तरं निघालीयत, उद्या सकाळी लावायचंय, अशा वेळी काय? नवं बनवत बसू नका. दोन्ही उत्तरं शेजारी ठेवा, जी घरं वेगळी आहेत त्यांना पेन्सिलने खूण करा, आणि त्यांतलंच एक घर क्लू म्हणून भरून टाका. चार घरांचा चौकोन असेल किंवा तो सहा घरांचा ७८९-८९७ वाला असेल तर कुठलंही एक घर चालतं, एक भरलं की बाकीची आपोआप ठरतात. भलतीकडे क्लू टाकून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी मी नेमकं तेच केलं होतं. आणि एक टाकला म्हणून लगेच बोर्डाकडे पळू नका, परत टेस्ट, कारण माझ्या पहिल्या कोड्यात एक चौकोन बंद केला तरी ५-६ वाला उघडाच राहिला असता. नवा क्लू आला की जुना एखादा फुकट झालेला असतो, तो काढून टाकता येतो का तेही बघा, कोडं परत घट्ट होतं.

चौथ्या दिवशी मी हे सगळं केलं, एकेक खोडून, प्रोग्राममधून दोनदा काढून, २८ क्लू. काकू आणि काका दोघांचंही उत्तर एकच आलं, काकू सात मिनिटं आधी. डबा घेऊन गेल्या, जाताना म्हणाल्या, "आज जरा सोपं होतं बाई."

पाचव्या दिवशी मात्र कुणाचंच सुटलं नाही. एकाचंही नाही. दोन उत्तरं नाहीत, शून्य. मी घाबरून वही काढली, वहीतलं कोडं बरोबर, एकच उत्तर. शेवटच्या दिवसाचं म्हणून कमिटीने ते मोठ्या फ्लेक्सवर छापायला दिलं होतं, मी वहीतल्या पानाचा फोटो पाठवला होता, आणि मी आकडे मराठीत लिहितो. डीटीपी करणाऱ्याने माझा एक ९ चा १ वाचला. त्याची तरी काय चूक, माझं ९ चं शेपूट मलाही कधीकधी दिसत नाही. दोन उत्तरं निघाली की दोष खोडण्यात असतो, पण एकही उत्तर निघालं नाही तर बहुतेक वेळा उतरवण्यात, एवढं धरून चाला आणि आधी मूळ कागदाशी एकेक क्लू ताडून बघा.

तेव्हापासून फोटो बंद. ८१ आकडे एका ओळीत टाइप करून पाठवतो, रिकाम्या घराला शून्य, आणि छपाईआधीचं प्रूफ आलं की वहीकडे न बघता प्रूफवरूनच ती ओळ परत टाइप करतो आणि दोन ओळी एकाखाली एक ठेवून जुळवतो. मगच प्रिंटला ओके देतो.